फुंकरीखालचा रंग

दळवी जमादार पेन्शनीत निघाले, पण अडलं-नडलं की लोक अजून त्यांच्याच दारात. खालापूरच्या बैलबाजाराच्या सकाळी ठाकरवाडीची आवडी आली. तिचा नवरा कमळ्या गुराखी. मालक भिवाजीचा पांढरा बैल चोरल्याचा आळ येऊन तो चावडीत कोंडला गेला होता, उद्या अलिबागला नेणार होते.

"तो गेला तर पोरांनी काय खावं, बाबा?" एवढंच ती बोलली.

दळवींनी पागोटं चढवलं. सोबत त्यांचा जुना शिपाई मालोजी. अंगानं दांडगा, डोक्यानं जरा सावकाश.

बाजारात भिवाजी भेटला. म्हणाला, बैल कमळ्याच्या राखणीतून गेला, मग आणखी कोण चोरणार? बाजारातले सगळे पांढरे बैल त्यानं पाहिले होते, त्यात आपला नव्हता. गरीब हाती सापडला, त्याला तेवढं पुरे होतं.

वडाखाली दलाल सहदेव बसला होता. आत्ताच चौकहून आलोय, अजून एका जनावराला हात लावला नाही, म्हणाला.

बाजूला येऊन दळवींनी मालोजीला समजावलं की गिऱ्हाइकाला कळू नये म्हणून या दलालांनी आपली बोलीच बनवलीय. पांढऱ्या केसाला 'सिंवर', तांबड्याला 'हेंगर'. रंगवलेली जनावरं फार येतात, म्हणून फुंकर मारून केसाचं मूळ पाहिल्याशिवाय दलाल रंगाचं नाव घेत नाही.

एवढ्यात गजा नावाचा माणूस तांबडा बैल घेऊन आला. भिवाजी त्याच्या शेजारून गेला, बघितलंही नाही. सहदेव बसल्या जागेवरून जोडीदाराला म्हणाला, "सिंवर. घेऊन टाक."

"दलालाचे डोळे गेले," म्हणत मालोजी हसला. दळवी मात्र तडक बैलापाशी गेले आणि सगळ्यांना बोलावून त्यांनी पाठीवर फुंकर मारली. मुळाशी केस पांढरेशुभ्र!

"नजरेनंच वळखला," सहदेव म्हणाला.

दळवी म्हणाले, "मालकाला हातभरावरून ओळखू आला नाही, आणि तुला वडाखालून? हात न लावता मूळ सांगितलंस, कारण हा बैल रंगवण्याआधीच तू पाहिला होतास. जन्मभराची सवय, खरा रंग तोंडातून निसटला."

गजानं हात जोडून चोरी कबूल केली. काताचं दाट पाणी सहदेवानं दिलं होतं, बैलाला चोपडलं गजानं.

चावडीचं कुलूप निघालं. आवडीनं नवऱ्याचा हात घट्ट धरला आणि ती मोकळेपणी रडली.

भिवाजी जरा ओशाळला. "चल रं कमळ्या, बैल घरी घेऊन चल."

"तुमचा बैल तुमी न्या, मालक," कमळ्या म्हणाला. "आमी नाय येत."