गर्दीतली जागा

आईने भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी फडक्यात बांधली आणि म्हणाली, दातिवऱ्याला काकाला नेऊन दे. मी अकरावी अर्ध्यात सोडलेली, घरात रिकामाच. गेलो. गेल्या वर्षीची, सहासष्ट सालची गोष्ट.

नवशाकाका सोळा वर्षं सिनेमात होता. हवालदार, पोस्टमन, टांगेवाला. मध्यंतराच्या आत मरायचा. अकरा सिनेमांत मेला, आणि माझ्या बापसाने, त्याच्या सख्ख्या थोरल्या भावाने, एकही पाहिला नाही. गावातले म्हातारे मात्र बोईसरच्या सिनेमाच्या तंबूत सगळे बघायचे आणि काका घरी आला की त्याला 'मुडदा' म्हणायचे. बापूस हसायचा. मी शाळा सोडली तेव्हा म्हणाला, घरात एक मुडदा होता, आता दोन झाले.

या वेळी शूटिंग आपल्याच किनाऱ्यावर, दातिवऱ्याला. काकाने भावाला तीन निरोप धाडले, एकदा तरी बघायला ये म्हणून. बापूस खाटेवरून हलला नाही.

काका बुडून मेलेला कोळी झाला होता. ओल्या वाळूत उताणा. शूटिंगवाल्या एका माणसाने मला गावकऱ्यांच्या गर्दीत, उपड्या होडीच्या टोकाशी उभं केलं. काका माझ्यापासून दहा पावलांवर. डोळे मिटूनच त्याने विचारलं, "जिव्या, भाऊ आला काय?"

"नाय आला."

"येईल तो... थांबतो मी."

शॉट झाला. 'कट' झालं. काका पडूनच. लोक म्हणाले, काय काम करतो. सामान ट्रकात चढलं, ट्रक गेला, ऊन उतरलं. भरतीचं पाणी त्याच्या टाचांना लागलं तेव्हा मी त्याला हलवलं. हात गार होता.

बापूस सरणापाशीही रडला नाही.

वर्षाने बोईसरच्या तंबूत तो सिनेमा लागला. आईच्या हट्टाने बापूस पहिल्यांदा आला. मशीनची घरघर, विड्यांचा धूर, खालून जमिनीचा गारठा. पडद्यावर काका वाळूत पडला. मग गर्दी दिसली. होडीच्या टोकाशी, माझ्या जागेवर, माझा बापूस उभा होता.

शेजारी बसलेल्या बापसाने माझं मनगट धरलं. जन्मात त्याने मला काही विचारलं नव्हतं.

"जिव्या... मी गेलो नव्हतो ना तिथं?"

सिनेमा संपेपर्यंत त्याने मनगट सोडलं नाही.

दुसऱ्या दिवशी एकटाच गेलो. पडद्यावरचा बापूस होडीपासून दोन पावलं पुढे आलेला. तिसऱ्या दिवशी आणखी दोन. बाकीचे कोळी जिथल्या तिथे. तंबूवाल्याला विचारलं तर म्हणाला, रीळ तेच आहे, तुझं डोकं फिरलंय.

तंबू आता पालघरला हललाय. मी सायकलने जातो. काल पडद्यावरचा बापूस काकाच्या उशाशी गुडघे टेकून बसला होता. काकाचा हात वाळूवरून थोडा उचललेला.

घरी आलो तर बापूस खाटेवर उताणा, अंधारात जागा. पायरव ऐकून म्हणाला, "आलास? कुठवर पोचलो रे मी?"

"लांब हाय अजून," मी म्हटलं.

खाटेजवळच्या सारवणावर पाय ठेवला, तर वाळू लागली. ओली.