मिल्टनचं उपाशी मशीन

"अहो, मारताय काय त्याला!"

परदेशातल्या मिल्टन गावी, दुकानांच्या प्लाझातल्या एटीएमला बुक्का घालणारा उंच तरुण दचकून वळला. समोर अनुया... भिजलेला रेनकोट, काखेत लॅपटॉप, नाकावर राग.

"मशीन तुमचं आहे का?" त्यानं विचारलं, आणि हसला.

"हो, माझंच!"

ते अगदीच खोटं नव्हतं, बरं का. बँकेची मशीन्स चालवणाऱ्या एटोबिको भागातल्या एका कंपनीत अनुया नोकरीला होती. कुठल्या मशीनमध्ये कधी आणि किती नोटा भरायच्या, हे ठरवणारा प्रोग्रॅम तिनं एकटीनं लिहिला होता. कॅशच्या गाडीच्या कितीतरी फेऱ्या वाचल्या होत्या आणि पोरीची कॉलर ताठ झाली होती. फक्त हे एक मशीन नाक कापत होतं! दर गणपतीत शनिवारी हमखास कोरडं. जास्त भरावं तर आत जागा नाही, आणि वीकेंडला गाडी येत नाही. "पुढच्या शनिवारीही संपलं तर मशीन हलवू आणि तुझा प्रोग्रॅम बंद," साहेबानं सकाळीच सुनावलं होतं.

तरुणाचं नाव उन्मेष. शेजारच्या हॉलमधल्या गणेश मंडळाचा खजिनदार.

"आरतीच्या ताटात टाकायला सगळे इथूनच कॅश काढतात," तो म्हणाला.

"आणि ताटातल्या नोटा?"

"पेटीत. विसर्जनानंतरच उघडायची, अशी पद्धत आहे आमची."

अनुयानं कपाळाला हात लावला. "म्हणजे माझं मशीन इथं उपाशी, आणि त्याचं जेवण तुमच्या पेटीत कुलूपबंद! अहो, हे मशीन आत आलेल्या नोटाच पुढच्या माणसाला देतं. प्रत्येक आरतीनंतर डिपॉझिट करा ना मंडळाच्या खात्यात!"

"पण हे माधवीकाकूंना सांगणार कोण?"

"तुम्ही."

"मी? मला जगायचंय अजून!"

"चहा पाजते."

"...मग मरायला हरकत नाही," उन्मेष म्हणाला, आणि अनुयाला राग आवरता आवरता हसू आलं.

चहा एकदा झाला, परत झाला, मग रोजच होऊ लागला. शेवटी दोघं मंडळाच्या अध्यक्षांपुढे, म्हणजे माधवीकाकूंपुढे, उभे राहिले.

"विसर्जनाआधी देवाच्या पैशाला हात? अब्रह्मण्यम्!" काकू कडाडल्या.

एरवी काकूंपुढे उन्मेषची ततपप व्हायची. आज मात्र गडी हलला नाही. "काकू, देवाचे पैसे देवाच्याच खात्यात जाणार. पावती रोज मखरापुढे ठेवतो. चुकलं तर खजिनदारपद सोडतो. हिचं गणित पक्कं आहे, मी पाहिलंय."

अनुया त्याच्याकडे बघतच राहिली. आपल्यासाठी असं कुणी छातीठोक बोललं नव्हतं आजवर. काकूंनी चष्म्यावरून दोघांना आळीपाळीनं न्याहाळलं आणि "करा काय करायचं ते," म्हणाल्या.

शनिवारी हॉल माणसांनी फुलून गेला. बाहेर पाऊस. आरती झाली की नोटांची पिशवी घेऊन दोघं एकाच छत्रीतून प्लाझा ओलांडायचे. छत्री लहान, खांद्याला खांदा लागायचा... कुणीच बाजूला व्हायचं नाही. मशीन खर्रर्र करून नोटा आत घ्यायचं, आणि मागच्या रांगेतल्या माणसाला त्याच काढून द्यायचं.

संध्याकाळी रांग संपली. मशीनमध्ये नोटा शिल्लक होत्या! अनुयाचा फोन वाजला. साहेबाचा मेसेज: मशीन तिथंच राहील, आणि ही पद्धत आता सगळ्या देवळांजवळच्या मशीन्सना लावायची. तुझ्याच हाताखाली.

तिचे डोळे भरून आले. "मी केलं ना हे?"

"तूच केलंस," उन्मेष म्हणाला. अहो-जाहो कधी गळून पडलं, दोघांनाही कळलं नाही. मग तो उगाच छत्री झटकत बसला. "आता... पेटी रिकामी झाली. तुझं मिल्टनला काही काम उरलं नाही."

"माझ्या कामाचा मला अभिमान आहेच, उन्मेष. पण तू काकूंपुढे उभा राहिलास ना, त्याचा जास्त आहे." तिनं श्वास घेतला. "मला तू आवडतोस. झालं, बोलले!"

"अगं, हे मी म्हणणार होतो... आठवडाभर पाठ करत होतो!"

"मग म्हण की!"

त्यानं म्हटलं. पाठ केलेलं सगळं विसरून, अडखळत म्हटलं.

हॉलमध्ये उत्तरपूजेची घंटा वाजली. अनुयानं त्याचा हात धरला, आणि माधवीकाकूंसकट सगळ्यांच्या देखत, मान ताठ ठेवून, हात न सोडता ती त्याला आत घेऊन गेली.