वरच्या खोल्यांतले लोक छान आहेत

वादळानं 'नदीकाठ' हॉटेलच्या वरच्या मजल्याचे पत्रे नेले त्याला सोळा दिवस झाले होते, तरी ती गोष्ट सांगताना चैत्रालीला अजून हसू आवरत नसे. एकूण बारा पत्रे उडाले. सात सावित्रीच्या पात्रात सापडले, चार शेजारच्या आमराईत, आणि एक थेट गंमतगाव पार्कच्या दारातल्या सिमेंटच्या हत्तीच्या पाठीवर जाऊन बसला, अंबारी ठेवावी तसा. हत्तीपर्यंत आली की ती अशी काही हसत सुटे की ऐकणाऱ्याला पुढचं कळतच नसे.

"चैतू, लोकांची घरं गेलीत," आई म्हणायची.

"आपलं पण गेलंय की अर्धं. म्हणून तर मला हसायची परवानगी आहे."

जानेवारीपर्यंत हीच मुलगी तोंडावर हात धरून हसायची. मग महाडला वक्तृत्व स्पर्धा झाली. नाव पुकारलं तेव्हाही तिचा हात तोंडावरच होता, पण माईक हातात आल्यावर काय झालं कोण जाणे, ती सात मिनिटं न थांबता बोलली आणि कप घेऊन घरी आली. तेव्हापासून आवाज मोकळा झाला तो झालाच. तिचं हसणं हायवेच्या पलीकडच्या टपरीपर्यंत ऐकू जातं, असं टपरीवालाच सांगायचा.

महाड सोडून पोलादपूरकडे निघालं की गंमतगावचा आकाशपाळणा आधी दिसतो आणि मग नदीकाठ. गंमतगाव म्हणजे पाण्याच्या घसरगुंड्या, झुकझुक गाडी, भुताचं घर आणि सुट्टीत मुंबईहून येणारी ही गर्दी. नदीकाठ म्हणजे आठ खोल्या, चार खाली, चार वर. खालच्या खोल्यांवर स्लॅब होता म्हणून त्या वाचल्या. वर नुसत्या विटांच्या भिंती राहिल्या आणि त्यांच्यावर आभाळ. बाहेरून चढणाऱ्या लोखंडी जिन्यावर एक पत्रा आदळून तो पिळवटला होता. कुणी चढायला जाऊन पडू नये म्हणून बाबांनी तो गॅस कटरनं कापूनच काढला. आता वर जायचं तर शिडी लावायची, आणि शिडी सामानाच्या खोलीत कुलपात.

नवे पत्रे महाडात मिळत नव्हते, बसवणारे त्याहून मिळत नव्हते. पण खरी काळजी वेगळी होती. गंमतगाव आपल्या पाहुण्यांना जवळच्या हॉटेलांची एक यादी देत असे, आणि यादीतल्या हॉटेलांच्या दारात त्यांची बस थांबे. वादळानंतर ती यादी नव्यानं होणार होती. शनिवारी पाच वाजता त्यांचा माणूस येऊन हॉटेल बघणार, आणि पाहुण्यांचे नेटवरचे अभिप्राय आधीच वाचून येणार. यादीतून नाव गेलं तर नदीकाठ बंद. बाबा, म्हणजे रघुवीर, पूर्वी बिरवाडीजवळच्या एका कंपनीत फिटर होते. परवा त्यांनी माळ्यावरून कंपनीचे जुने बूट काढून उन्हात ठेवले होते. कुणाला काही बोलले नाहीत. पण बूट सगळ्यांनी पाहिले.

तेव्हा अभिप्रायांचं काम चैत्रालीनं अंगावर घेतलं. नववीची परीक्षा झालेली, सुट्टी होती. गेलेल्या पाहुण्यांना ती फोन करी, चार शब्द लिहा म्हणून गोड बोलून गळ घाली, आणि कुणी लिहिलं की लगेच उत्तर देई.

वादळानंतरचा पहिला अभिप्राय पनवेलच्या एका जोडप्याचा आला. 'खोली साधी, स्वच्छ. जेवण उत्तम. वरच्या खोलीतलं कुटुंब फार हौशी. मुलांच्या हसण्यानं प्रवासाचा शीण गेला.' पाच तारे.

"दुसऱ्या हॉटेलचं आपल्याला चिकटवलंय," चैत्राली म्हणाली. "राहू दे. तारे आपले."

दुसरा चार दिवसांनी आला. 'वरचे लोक छान आहेत. संध्याकाळी पाचला पार्कमधून परत येतात तेव्हा नुसता दंगा, पण गोड.' तिसऱ्यात एका बाईंनी लिहिलं होतं की वरच्या मुलानं खिडकीतून त्यांच्या लेकीला सांगितलं, घसरगुंडी पिवळीच घे, निळीवर फार रांग असते. आणि खरंच तसंच निघालं.

चैत्रालीनं तो अभिप्राय स्वयंपाकघरात मोठ्यानं वाचून दाखवला. चंद्रभागामावशी भाकऱ्या थापत होत्या. आंबेनळी घाटाच्या पायथ्याच्या वाडीतून त्या रोज पहिल्या एसटीनं यायच्या.

"माला ठावं हाय," मावशी म्हणाल्या. "पाच वाजता वर चपला वाजतात. मी आइकते रोज."

"आणि बोलली नाहीस?"

"काय बोलायचा? हसतातच ना. रडत तर नाय."

चैत्राली हसली. मग पाच वाजता मुद्दाम अंगणात जाऊन उभी राहिली. आकाशपाळणा फिरत होता, हायवेवरून टँकर जात होते. वरून आधी काहीच आलं नाही. मग ओल्या चपलांचा पचक पचक आवाज, आणि एक लहान मुलगी खुदकन हसली. दुपारसारखं लख्ख ऊन होतं. भीती वाटावी असं त्यात काही नव्हतं, आणि चैत्रालीला ती वाटलीही नाही. तिला वाटलं, किती गोड हसतेय ही.

शुक्रवारी रात्री जो अभिप्राय आला त्यासोबत फोटो होता. कुणीतरी गाडीत सामान भरताना हॉटेलचा काढलेला. वरच्या भिंतीवर, सहा नंबरच्या खोलीपुढे, पोहण्याचा एक छोटासा पिवळा पोशाख वाळत टाकला होता. त्यावर बदकं होती.

ती बदकं चैत्रालीला आठवत होती. वादळाच्या दुपारी सहा नंबरमध्ये डोंबिवलीचे पाहुणे उतरले होते. ललिताताई, त्यांचे यजमान, नऊ वर्षांचा ओजस आणि धाकटी ईरा. ईरानं तो पोशाख कपड्यांवरूनच चढवला होता आणि ती जिन्यात नाचत होती. गंमतगावला जायला निघणार तेवढ्यात आभाळ काळं झालं. बाबांनी सगळ्यांना हाकारून खाली आणलं, टेम्पोत बसवलं आणि पोलादपूरच्या शाळेत नेऊन सोडलं. अर्ध्या तासानं पत्रे उडाले. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. ते तिथूनच परस्पर डोंबिवलीला गेले.

पोशाख राहून गेला असेल, आणि आमराईतून वाऱ्यानं परत भिंतीवर आला असेल. असं होतं. चैत्रालीनं शनिवारी सकाळी फोन लावला.

"ताई, ईराचा बदकांचा ड्रेस इथं राहिलाय वाटतं. कुरियरनं पाठवू का?"

"नाही गं," ललिताताई म्हणाल्या. "तो कपाटात आहे. भिजलाच कुठं तो. पाणी तरी बघितलं का आम्ही." आवाज सपाट होता, बँकेतून फोन येतो तसा.

"मुलं काय म्हणतात?"

ललिताताईंनी खोलीचं दार लावून घेतलेलं ऐकू आलं.

"तू छान बोलतेस म्हणून सांगते. मुलं हसत नाहीत गं. आल्यापासून. खातात, शिकतात, भांडतात, सगळं करतात. परवा ईराचा वाढदिवस झाला. तिच्या बाबांनी नाकाला केक लावला, ती नुसती बघत राहिली. डॉक्टर म्हणतात काही नाही. आणि खरं सांगू, आमच्या दोघांचंही तसंच आहे. टीव्हीवर विनोद होतो, कळतो, आणि पुढं काही होतच नाही."

ललिताताईंचं अजून संपलं नव्हतं.

"ओजस एकच म्हणत असतो. आई, आपण निघालोच कुठं अजून. त्या काकूंनी दही दिलंच नाही."

नदीकाठवर हे एक होतं. निघणाऱ्या प्रत्येक पाहुण्याच्या हातावर आई, चारुशीला, चमचाभर दही-साखर घालायची आणि म्हणायची, पुन्हा या. मुंबईचे लोक हसत हसत चाटायचे. लहान मुलं दुसऱ्यांदा हात पुढं करायची. आठ वर्षांत एकही पाहुणा दह्याशिवाय उंबरा ओलांडून गेला नव्हता. त्या दुपारी मात्र आभाळ कोसळत होतं आणि दह्याचं पातेलं स्वयंपाकघरात झाकलेलं राहिलं.

चैत्रालीनं फोन ठेवला आणि सगळं आईला सांगितलं. तिला वाटलं होतं आई वेड्यात काढेल. आईनं गॅस बारीक केला आणि वर स्लॅबकडे पाहिलं.

"उद्या देऊ," आई म्हणाली.

"आज का नको?"

"पाच वाजता तो माणूस येणार आहे, चैतू. अभिप्राय वाचून येणार. सगळ्यांनी काय लिहिलंय? वरचे लोक, वरचे लोक. एवढ्या संध्याकाळपुरतं हसू दे त्यांना. उद्या सकाळी मी स्वतः चढते."

"आणि तिकडं ईरा?"

"एक दिवस गं."

"वैनी, पोराचा हसणा हाय तो," चंद्रभागामावशी चुलीकडे बघतच म्हणाल्या. "उसना आणलेला पीठ नाय."

आईनं गॅस पुन्हा मोठा केला. अंगणात बाबा खालच्या खिडक्यांना रंगाचा शेवटचा हात मारत होते, आणि त्यांच्या मागं पायरीवर ते बूट होते. चैत्रालीनं बुटांकडे पाहिलं. मग फळीवरची वाटी घेतली, दही घातलं, वर साखर भुरभुरली आणि किल्ली मागितली. आईनं किल्ली दिली. उशिरा दिली, पण दिली.

चार वाजले होते. शिडी भिंतीला टेकवून ती वर चढली.

सहा नंबरच्या खोलीत स्वच्छ ऊन पडलं होतं. पलंग खाली उतरवलेले, खिडकीला काच नाही, कोपऱ्यात आंब्याची वाळकी पानं. उन्हाच्या क्रीमचा आणि तलावाच्या पाण्यात टाकतात त्या औषधाचा वास होता. फरशीवर ओली पावलं होती. दोन मोठी, दोन मध्यम, बाकी सगळी छोटी छोटी, खोलीभर, गोल गोल. इतक्या उन्हात ती वाळत नव्हती.

आता काय म्हणायचं ते तिला कळेना. वक्तृत्वाचा कप इथं काही कामाचा नव्हता.

"दही घ्या," ती म्हणाली.

तिनं चमचा भरून पुढं धरला. चमचा हलका झाला.

दुसरा. तिसरा. चौथ्या चमच्याला हात इतका खाली न्यावा लागला की ती गुडघ्यांवर बसली.

"पुन्हा या," ती म्हणाली.

पावलं वळली. एकेक करत दाराबाहेर, जिथं पूर्वी जिना होता तिकडं गेली, आणि स्लॅबच्या कडेला संपली. मग वाळू लागली, साध्या पाण्यासारखी.

फोन वाजला. ललिताताई होत्या, पण त्यांना बोलताच येत नव्हतं. मागं ईरा खिदळत होती, ओजस ओरडत होता, कुणीतरी भांडं पाडलं होतं. "काही नाही गं," ललिताताई कशाबशा म्हणाल्या, "ह्यांच्या डोक्यावर पंख्यावरची धूळ पडली," आणि पुन्हा हसत सुटल्या.

ते ऐकून चैत्रालीलाही हसू फुटलं. त्या उघड्या खोलीत, रिकामी वाटी हातात धरून, ती हसली, हसली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. तेवढ्यात खाली गाडीचा हॉर्न वाजला. गंमतगावचा माणूस लवकर आला होता. आईनं हाक मारली. हसणं तसंच अर्ध्यावर टाकून ती धडाधड शिडी उतरली.

विनीत नावाचा तो तरुण माणूस होता, हातात टॅब. त्यानं खोल्या पाहिल्या, नळ सोडून पाहिले, गाद्या दाबल्या. व्हरांड्यात बसला आणि वर पाहिलं.

"छप्पर नाही, तर मग पाहुण्यांना छत्री देता का?"

बाबा जरुरीपेक्षा जास्त हसले. मावशी पदराआड हसल्या. विनोद बरा होता. चैत्रालीला तो कळला. ती वाट बघत उभी राहिली, आणि पुढं काही झालं नाही.

"अभिप्रायांत वरच्या लोकांबद्दल बरंच वाचलं," विनीत म्हणाला. "पण इथं तर फारच शांत आहे हो."

बाबांनी रंगाचे हात पुसले. पाच वाजले.

आणि वर कुणीतरी हसलं.

मोकळं, खणखणीत, हायवेच्या पलीकडं जाईल असं. थांबलं, आणि पुन्हा सुरू झालं. विनीतचा चेहरा आपोआप उजळला. "हे बघा," तो म्हणाला, "हेच लागतं. अशी हॉटेलं यादीत हवीत." त्यानं टॅबवर बोट टेकवलं. बाबा मटकन खुर्चीत बसले.

आत आई गॅसपाशी पाठमोरी उभी होती. तिनं कपांत चहा गाळला आणि मान वर करून हाक मारली.

"चैतू, पुरे आता. पाहुणे बसलेत. उतर खाली, चहा न्यायचाय."

चैत्राली तिच्या मागंच उभी होती, हातात ट्रे घेऊन.