कूलरचं तोंड कोणाकडं?

मी आता जे सांगणार आहे त्यावर तुम्ही विश्वास ठेवणार नाही. पुष्पाबाई तर मुळीच नाही. या तुमसर रोडच्या फलाटावर चहा विकता विकता तिनं माझ्या इतक्या गोष्टी ऐकल्या आहेत, की मी "राम राम" म्हटलं तरी ती विचारते, "खरंच का, चिंधूआबाजी?"

पण पुण्याची गाडी उशिरा आहे. ऊन असं, की फलाटाच्या पंख्यालाही घाम फुटलाय. आणि समोरच्या बाकावर, या टोकाला बॅग घेतलेली एक पोरगी नि त्या टोकाला मांडीवर खोकं घेतलेला एक पोरगा, मधात तिसरा माणूस आरामात झोपेल एवढी जागा सोडून, केव्हाचे गप्प बसले आहेत. एवढी शांतता मला सोसत नाही. म्हणून सांगतो.

तर तुमसरात, माझ्या पानठेल्याला लागून, धर्मेंद्र नावाच्या पोराचं कॉम्प्युटरचं दुकान...

खोकंवाल्यानं झटकन मान वर केली.

"तू नाही रे बाबू," मी म्हटलं. "तो दुसरा. जरा देखणा होता."

यंदाच्या एप्रिलातली गोष्ट. रस्त्याचं डांबर असं वितळलं होतं, की गाई चिखलातून चालावं तसे पाय उपसत होत्या. त्यात एक पोरगी आली, नि नेमकी दुकानासमोर तिची चप्पल डांबरात रुतली. ती बिचारी एका पायावर उभी! धर्मेंद्र स्क्रूड्रायव्हर घेऊन धावला. उन्हात उकिडवा बसून त्यानं चप्पल उकरून काढली, नजर वर केली... आणि ती नजर खाली यायचं नावच घेईना.

"चप्पल निघाली," ती म्हणाली. "द्या ना आता."

"हो... घ्या. पण वॉरंटी नाही."

ती हसली. झालं! पोराचा तिथंच फ्यूज उडाला.

पोरीचं नाव कीर्ती. बाई, तू कायले दचकून राहिली? कीर्ती नावाच्या का कमी पोरी आहेत तालुक्यात?

ही कीर्ती इंजिनियर. घनश्यामशेठच्या राइस मिलसाठी धान वाळवायचं यंत्र आखत होती. लोखंड कापायच्या आधी ते यंत्र कॉम्प्युटरात उभं करायचं, गरम हवा कुठल्या थराला लागते, कुठं दाणा तडकतो, सगळं तिथंच बघायचं. सिम्युलेशन म्हणतात त्याला. तिचा लॅपटॉप उत्तराला एवढा वेळ लावायचा, की तोवर धान घरच्या अंगणात वाळून जावं. तिला दणकट मशीन हवी होती.

धर्मेंद्रनं सगळ्यांत महाग प्रोसेसर काढला. "हा घ्या मॅडम. चोवीस कोअर!"

"धानाची रोवणी पाहिली का तुम्ही कधी?"

"आसगावचा आहो मी. रोवणीतच लहानाचा मोठा झालो."

"मग सांगा, बांधीत चोवीस बाया रोवाले उतरवल्या, अन् पऱ्ह्याच्या रोपायच्या जुड्या आणून देणारा गडी एकच. काय होईन?"

"अर्ध्या बाया बांधाच्या पारीवर बसून गोष्टी सांगतीन."

"माझ्या गणितात तेच होते. कोअर म्हणजे बाया, मेमरी म्हणजे पऱ्हे आणणारा. मले बाया कमी द्या, पण हात चपळ पाहिजे. अन् पऱ्हे आणणारे भरपूर."

धर्मेंद्रनं खोकं मागे ठेवलं, दुसरं काढलं. "मग हा. कोअर कमी, पण वेग चढवता येते."

"ओव्हरक्लॉक जमते तुम्हाले?"

"जमते ना... पण सबुरीनं करा लागते. बरेच दिवस लागतीन."

आता खरं सांगतो...

"आज काहून?" पुष्पाबाई.

...हे काम फार तर दोन दिवसांचं. वेग थोडा चढवायचा, वीज जराशी जास्त द्यायची, मग भारी गणित लावून ताणून बघायचं. चुकलं की एक पायरी खाली. पण धर्मेंद्र रोज चिमूटभर चढवायचा नि म्हणायचा, "आजची पायरी मुरू द्या मॅडम. उद्या या." जसं काही कैरीचं लोणचं! आणि कीर्ती? ती इंजिनियर, तिला का कळत नव्हतं? पण मान डोलावून म्हणायची, "हो बाप्पा, मुरलंच पाहिजे."

दुकानात वाळ्याचा कूलर एकच. धर्मेंद्र त्याचं तोंड मशीनकडं करून स्वतः घामात भिजत बसायचा. कीर्ती यायची... ओढणीनं कपाळ टिपायची... आणि कूलरचं तोंड त्याच्याकडं वळवायची.

"मॅडम, प्रोसेसर तापते!"

"तापू द्या. तो दुसरा मिळते."

मशीन धापकन बंद पडायची, दिवसभराचं गणित वाया जायचं, आणि ही दोघं नुकसान झाल्यासारखं तोंड करून हसू दाबायची.

पुढं पुढं प्रोसेसर असा तापायला लागला, की शेजारची शकुनबाई त्याच्यावर पापड भाजून न्यायची.

"पापड?" पुष्पाबाईनं गाळणी खाली ठेवली.

"मुगाचे. उडदाचे जळायचे."

आणि वेग! बुधवारी विचारायच्या प्रश्नाचं उत्तर मंगळवारीच यायला लागलं. कीर्ती जी चूक उद्या करणार, ती आजच लाल रंगात दिसायची.

"मग या दोघायचं काय होते, थे नाही विचारलं त्याले?" पुष्पाबाईनं मधेच टोकलं.

"विचारलं ना. तेवढ्यातच हँग झाला."

अखेर गणित पार पडलं. कॉम्प्युटरातलं धान वाळलं, एक दाणा तडकला नाही. घनश्यामशेठ म्हणाले, "पोरी, थांब, यंत्र इथंच उभारू." पुण्याची कंपनी म्हणाली, "नोकरीवर ये." कीर्तीनं दोघांनाही उत्तर दिलं नाही. ती आली थेट दुकानात. कूलर वळवला. म्हणाली, "मशीन पक्की झाली ना?"

"झाली."

"म्हणजे... आता काही सांगायचं राहिलं नाही?"

धर्मेंद्रचे कान लाल. तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. आणि त्यातून निघालं काय?

"एक पंखा बदलून देतो."

पंखा! सांगा, पुष्पाबाई! असल्या पोराला मी उधारीवर पान तरी का द्यावं?

दूर रुळांवर भोंगा वाजला. बाकावरची पोरगी उठली, बॅग उचलली. पोरगा उठला, खोकं पुढं केलं... शब्द काही फुटेना. माझ्याजवळ वेळ थोडा होता.

मग, मी आवाज चढवून सांगितलं, तो धर्मेंद्र पंख्याचं खोकं घेऊन स्टेशनवर आला. आणि गाडी दिसताच छाती ठोकून म्हणाला, "कीर्ती, जाऊ नको. यंत्र इथंच उभारू. घरही इथंच उभारू. थांबशील?"

"मग?" पुष्पाबाईचा चहा उतू गेला.

"मग काय! पोरगी सरळ 'नाही' म्हणाली, नि चढली गाडीत."

बॅग दाणकन फलाटावर आदळली.

"खोटं!" इंजिनाच्या भोंग्यापेक्षाही मोठ्यानं ती पोरगी ओरडली. "साफ खोटं, आबाजी! यानं विचारलंच कवा? विचारलं असतं तर मी कायले नाही म्हटलं असतं!"