बिशपच्या टोपीतली दोन भोकं

गाण्यातली गंमत अजून यायची होती... आणि थॉमसिन आधीच हसली.

सेंट पॉल चर्चच्या आवारात भुरभुर पावसात लोक दाटीवाटीनं उभे होते. हातावर छापील गाण्यांच्या कागदांची चवड घेऊन जर्व्हेस गात होता — जगाला उपवास शिकवून स्वतः भाजलेला हंस खाणाऱ्या बिशपचं गाणं. त्यानं वळून तिच्याकडे पाहिलं नि तिचे कान तापले. गाणं तिचंच होतं ना! बाबांच्या नकळत, त्यांच्याच छापखान्यात छापलेलं.

गर्दी पांगल्यावर तो जवळ आला.

“गमतीच्या आधी हसतं कोण? वेडं माणूस, नाहीतर गाणं रचणारं,” तो हळूच म्हणाला. “तुम्ही कोण?”

“वेडी.”

“मग त्या रचणाऱ्या बाईंना निरोप द्या...” त्यानं कागद पुढे धरला.

छापणाऱ्याचं नाव तिनं मुद्दामच घातलं नव्हतं. पण चित्र? लाकडी ठसे काय, झिजेपर्यंत वापरायचे. कालचा राजा आजचा बिशप. या बिशपच्या टोपीत किडीनं पाडलेली दोन भोकं होती. तीच भोकं गेल्या महिन्यात जलपरीच्या गाण्यातल्या राजालाही होती — आणि त्याखाली बाबांचं नाव ठळक अक्षरांत. बिशपची माणसं आता कागद ताडून बघताहेत, जर्व्हेस म्हणाला. सापडले तर बाबांचे कान कापतील.

थॉमसिन धावत सुटली. ठसा चुलीत गेला. दुपारी त्या माणसांनी छापखाना उलटापालटा केला आणि ती रिकाम्या हातांनी परत गेली. मग तिनं बाबांना सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत... नुसते दोन्ही कान धरून बसून राहिले.

जर्व्हेस मात्र उरलेल्या कागदांसकट पकडला गेला. कितीही दरडावलं तरी त्यानं छापणाऱ्याचं नाव सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी तो भर बाजारात लाकडी खोड्यात अडकलेला, केसांतून अंडं ओघळतंय...

थॉमसिननं कमरेला बांधलेल्या एप्रननं त्याचं कपाळ पुसलं.

“जा इथून. लोक ओळखतील तुला.”

“ओळखू देत. नाव का नाही सांगितलंस?”



“सुटलो असतो गं. पण मग गायचं काय? दुसऱ्या कुणाचं गाणं आता... आवडतच नाही मला.”

गर्दीतून सडका सलगम आला. ती जर्व्हेससमोर सरकली. सलगम तिच्या पाठीवर फुटला.

“कधी सोडणार तुला?”

“संध्याकाळच्या घंटेला.”

“मग तोवर बसते मी,” ती म्हणाली, आणि लोकांकडे पाठ करून खरंच बसली.