कडीतलं चौथं कुलूप

ही गोष्ट माझ्या आत्याच्या बाबतीत खरोखर घडलेली आहे. आत्या हे वाचणार आहे, त्यामुळे मीठमसाला लावायची सोय नाही. लावला तर फोन करून झापेल.

तेव्हा तिथे असलेल्या आणखी दोघांशी मी स्वतः बोललो आहे. तिघांचं सांगणं जुळतं. फक्त एका ठिकाणी जुळत नाही. ते ठिकाण आलं की सांगतो.

आणि अंधारी रात्र वगैरे काही नव्हतं. शनिवारची दुपार होती. कारखान्याचे सगळे दिवे लागलेले होते.

आत्या त्या कारखान्यात मेंटेनन्सला, म्हणजे यंत्रांच्या देखभालीला होती. तिथलं एक मशीन कॉम्प्युटरवर चालणारं, एखाद्या खोलीएवढं. प्रोग्रॅम दिला की आतलं टूल आपोआप फिरतं आणि लोखंड कापत सुटतं. समोर लोखंड आहे की माणूस, हे त्याला कळत नाही.

म्हणून आत उतरून सफाई करायची तर नियम एकच. मेन स्विच बंद करायचा, त्याच्या कडीत आपलं कुलूप अडकवायचं आणि किल्ली आपल्या खिशात ठेवायची. जितकी माणसं आत, तितकी कुलपं कडीत. शेवटचं कुलूप निघेपर्यंत स्विच वर जातच नाही.

आणि ज्याचं कुलूप, त्यानेच काढायचं. दुसऱ्याने हात लावायचा नाही.

आत्या याबाबतीत इतकी कडक, की कारखान्यात तिचं नाव 'कुलूपबाई' पडलं होतं.

त्या दुपारी आत तिघं उतरले होते. आत्या, मशीनवर टूल आणि मापं जुळवणारा सेटर आणि ऑइलवाले काका. सेटरला सगळे 'मिलीमीटर' म्हणायचे, कारण तो चहातली साखरसुद्धा मोजून घ्यायचा. लोखंडाचा सगळा कीस उपसून, झाडून, पुसून तिघं बाहेर आले.

काकांनी आपलं कुलूप काढलं. मिलीमीटरने आपलं काढलं.

आत्याने किल्ली काढली आणि कडीला हात घातला...

कडीत दोन कुलपं होती.

एक तिचं. ओळखू यावं म्हणून तिने त्यावर नेलपॉलिशचा ठिपका दिला होता.

दुसरं तसंच लाल, पण जुनाट. बोटं घासून घासून रंग उडालेला, आतलं पितळ दिसत होतं.

"हे कुणाचं?"

"माझं नाही," मिलीमीटर म्हणाला. "ताई, तुम्हीच दोन लावली असतील. तुमचा काय भरवसा!"

आत्याने ते कुलूप हातात धरलं आणि सोडून दिलं.

ते गरम होतं. आत्ताच कुणाच्या तरी मुठीतून सुटल्यासारखं.

ती मशीनच्या दाराशी गेली. "आत कोण आहे?"

ती आणखी वाकली.

"अरे कोण आहे आत? बाहेर या!"

आणि मग... किसावर पाय पडल्यावर येतो तसा आवाज आला. चुर्र... चुर्र...

एक पाऊल. दुसरं पाऊल. मग थांबलं.

काकांनी बॅटरी मारली. आत कुणीच नव्हतं. आणि मुख्य म्हणजे आत कीसही नव्हता. सगळा त्यांनीच काढला होता. पाय वाजावा असं तिथे काही उरलंच नव्हतं.

"मशीन जुनं घेतलेलं आहे," काका हळूच म्हणाले. "आधी कुठे होतं, कोण चालवायचं... कुणाला ठाऊक."

"काका, गप्प बसा ना!" मिलीमीटरचा आवाज चिरकला.

तेवढ्यात साहेब आले. गेटवर ट्रक उभा होता. एकच जॉब, म्हणजे कापायचा एकच भाग राहिला होता, तो झाला की माल निघणार होता.

"बाई, सफाई झाली ना? मग चालू करा."

"होत नाही. आत माणूस आहे."

साहेबांनी स्वतः वाकून पाहिलं. "कुठे आहे?"

"दिसत नाही. कुलूप आहे."

साहेबांनी मोठं कटर मागवलं. जुन्या कुलपाची दांडी कट्कन तोडली. दोन तुकडे फरशीवर पडले.

"आता आहे का कुलूप?"

आत्या कडीकडे बघत होती. साहेबांनीही मान वळवली...

कडीत लाल कुलूप लटकत होतं. रंग उडालेलं. अख्खं.

तुटलेले दोन तुकडे खाली तसेच पडलेले होते.

मिलीमीटर दोन पावलं मागे सरला. काकांनी बॅटरी खालच्या तुकड्यांवर मारली, मग कडीवर.

साहेबांचा चेहरा लाल झाला. त्यांना वाटलं, कुणीतरी त्यांची मस्करी करतंय. "हे नाटक बंद करा. मी हेही तोडतो. तोवर तुमचं काढा, बाई."

"काढणार नाही."

"काय?"

"ज्याचं कुलूप त्याने काढायचं. तुम्हीच बोर्ड लावलाय भिंतीवर."

"आत जिवंत माणूस नाहीये, बाई!"

"मग मेलेल्याचं कुलूप तोडायचं, असं कुठे लिहिलंय तिथे?"

इथे एक गोष्ट सांगायला हवी. आत्याचं कंत्राट त्याच आठवड्यात संपत होतं. पुढे ठेवायचं की नाही, ते साहेबांच्या सहीवर होतं. तिचा नवरा पाठीच्या दुखण्याने घरी पडून होता. कमावणारी ती एकटी. हे तिलाही माहीत होतं आणि साहेबांनाही.

"सोमवारपासून येऊ नका," साहेब म्हणाले.

"सोमवारचं सोमवारी बघू. आज मशीन बंद राहणार."

साहेबांनी कटर उचललं आणि थेट ठिपकेवाल्या कुलपाकडे वळले.

"तोडा की," आत्या म्हणाली. "पण माझं कुलूप म्हणजे मी आत आहे. हे समजून तोडा."

आणि ती मशीनमध्ये शिरली. आत जाऊन खाली बसली.

"ताई!" मिलीमीटर ओरडला. "ताई, काय करताय? बाहेर या!"

ती आली नाही.

आत थंडगार होतं. टूल थंड ठेवणाऱ्या कूलंटचा आंबूस वास. डोक्यावर टूल, बोटभर लांबीचं, टोकाला धार. बाहेरचा उजेड दारापाशीच संपत होता.

आत्या सांगते, पहिल्यांदा तिला फक्त स्वतःचाच श्वास ऐकू येत होता.

मग तिने श्वास रोखला...

आणि श्वासाचा आवाज चालूच राहिला.

डाव्या बाजूला. अगदी जवळ.

पळावंसं वाटलं, हे ती कबूल करते. पण बाहेर कटर घेतलेला माणूस उभा होता. त्याच्यासमोर पळत बाहेर जायचं, हे तिला भुतापेक्षा जड गेलं.

"हे बघ," ती अंधाराला म्हणाली. "तू कोण आहेस ते मला माहीत नाही. मला घाबरवायला आला असशील तर चुकीच्या बाईकडे आलास. माझी नोकरी चाललीय तुझ्यापायी. बाहेर पड आणि तुझं कुलूप काढ."

श्वास थांबला.

मग दुसरा आवाज सुरू झाला. कापडावर हात फिरवल्यासारखा. थप... थप... सर्र...

थोडा थांबून पुन्हा. थप... थप... सर्र...

आत्याला तो आवाज ओळखायला वेळ लागला.

कुणीतरी आपले खिसे चाचपत होतं.

वरचा खिसा. बाजूचा. मागचा. पुन्हा वरचा. घाईघाईने. हरवलेलं काही सापडत नसल्यासारखं.

त्याच्याकडे किल्लीच नव्हती.

"असं आहे होय," आत्या हळू आवाजात म्हणाली. "तुझं कुलूप आधीच कुणीतरी तोडलं होतं. तू आत असताना मशीन चालू केलं, त्यातच तुझी किल्ली गेली."

आवाज थांबला. मग... पुन्हा थप. थप.

आत्या उठली आणि बाहेर आली. भीती गेली नव्हती, पण त्या भीतीवर राग चढला होता.

"आत माणूस आहे," तिने साहेबांना सांगितलं. "किल्ली शोधतोय. सापडेपर्यंत मशीन चालणार नाही. माझं कुलूप इथेच राहील. खोटं वाटत असेल तर आत डोकं घाला आणि ऐका."

साहेब हसले. कटर हातात घेऊनच त्यांनी दारातून आत डोकं घातलं.

फार वेळ नाही.

बाहेर आले तेव्हा कटर आतच राहिलं होतं. त्यांचा उजवा हात स्वतःच्या शर्टाच्या खिशावर होता. मग पँटच्या खिशावर गेला. मग पुन्हा शर्टाच्या. आपण काय करतोय, हे त्यांना कळत नसावं.

तिघांचं सांगणं जुळत नाही ते इथे. मिलीमीटर म्हणतो, साहेब एक शब्दही बोलले नाहीत. आत्या म्हणते, ते 'चुकलं' असं काहीतरी पुटपुटले. काका म्हणतात, बोललं कुणीतरी नक्की, पण तो आवाज साहेबांचा नव्हता.

ट्रक रिकामा परत गेला.

सोमवारी आत्याला कामावर घेतलं नाही. साहेबांनी सही केली नाही, आणि तिच्याशी डोळ्याला डोळाही भिडवला नाही. दोन महिने घरात ओढाताण झाली. मग तिला दुसरीकडे काम लागलं. तिथे पहिल्याच दिवशी तिने विचारलं, "कुलपं कुठे ठेवता?"

ते मशीन मात्र तसंच आहे. कडीत दोन कुलपं आहेत. तोडायला माणूस मिळत नाही, असं काका सांगतात.

गेल्या महिन्यात कारखान्याचा एक माणूस आत्याच्या घरी आला. नवा होता, टापटीप, हातात फाइल. मी तेव्हा तिथेच बसलो होतो.

"मशीन विकायचं आहे. तुमच्या कुलपाची किल्ली हवी होती."

"किल्ली आहे," आत्या म्हणाली. "पण आधी आतल्याला विचारून या."

"आतल्याला म्हणजे?"

"दारापाशी जाऊन विचारा. तो जातो म्हणाला, तर मी स्वतः येऊन कुलूप काढते. पैसे नकोत."

तो माणूस हसत हसत गेला.

परत आला नाही.

त्याने विचारलं का, मला माहीत नाही. विचारलं असेल तर काय उत्तर आलं, तेही माहीत नाही. खरं सांगायचं तर हल्ली घरातून निघताना किल्ली घेतली का ते बघायला माझा हात खिशाकडे गेला, की मध्येच थांबतो.

आत्याला मी परवा पुन्हा विचारलं, त्याला किल्ली सापडेल का. भाजी निवडत होती. तिने मान वर न करता मलाच विचारलं.

"मशीन अजून बंद आहे ना?"

"आहे," मी म्हणालो.

"मग शोधू दे त्याला सावकाश."