जिप्सीचं इंजिन, फियाटचा गिअरबॉक्स

नांदेडच्या भंगार बाजारात ॲल्युमिनियमच्या एका जाड प्लेटला मी हात घातला, तर पलीकडून दुसरा हात पडला. नखांत काळं ऑइल.

"सोडा," मी म्हणाले.

"आधी मी धरली, मॅडम."

"मॅडम कोण? सुकन्या. लातूरला लेथ मशीन हाय आमचं. तुम्हाला कशाला पाहिजे?"

उन्हानं पत्र्याला हात लावला तर चटका बसत होता, आणि हा हसत होता! नाव रविकिरण. त्याला जुन्या फियाटमध्ये जिप्सीचं इंजिन बसवायचं होतं. इंजिन आणि गिअरबॉक्सची भोकं जुळत नाहीत. मध्ये जाड प्लेट लागते — एका अंगाला याची भोकं, दुसऱ्या अंगाला त्याची.

"मग गिअरबॉक्सबी जिप्सीचाच टाका की!"

"न्हाई. स्टेअरिंगजवळचा गिअर गेला तर ती फियाट कशाला ऱ्हाईल?"

"लई हट्टी हाव तुम्ही."

"प्लेट कोण करून देईल, तेवढं सांगा."

"मी."

त्यानं हात काढला… जरा उशिराच.

माझे वडील ईश्वरप्पा. पोरगी लेथवर उभी राहिलेली त्यांना बघवत नव्हती. मशीनला पोरगा की पोरगी कळत नाही, माणसांनाच कळतं. या खेपेला म्हणाले, "एकटीनं कर. बिघडलं, तर मशीन चाकूरच्या गिऱ्हाइकाला देऊन टाकतो."

रविकिरणनं दोन पुठ्ठे आणून दिले, एक इंजिनच्या भोकांचा, एक गिअरबॉक्सच्या. मग दर रविवारी टेम्पो घेऊन हजर! कधी पंखा रेडिएटरला घासतो म्हणून, कधी सायलेन्सर आडवा येतो म्हणून.

"फोन करता येत न्हाई?"

"फोनवर पंखा दिसत न्हाई."

"व्हिडिओ कॉल करा मग!"

"त्यात तुम्ही नीट दिसत न्हाई…"

माझे कान तापले. मी ग्राइंडर चालू केला. त्या आवाजात बोल म्हणावं काय बोलायचं ते.

सहाव्या रविवारी तो टेम्पोत इंजिन आणि गिअरबॉक्स घालून आला. प्लेट इंजिनला चपखल बसली. गिअरबॉक्सला बसेना. उलटवली, तर गिअरबॉक्सला बसली आणि इंजिनला बसेना! अप्पा दारात उभे राहून बघत होते.

"चूक माझी हाय," रविकिरण पटकन म्हणाला. "पुठ्ठ्यावर बाजू लिहायची ऱ्हायली."

पुठ्ठा त्याच्याच हातात होता. वर अंगठा दाबलेला. मी हिसकावून घेतला. अंगठ्याखाली ठळक अक्षरात लिहिलेलं — 'ही बाजू वर'.

"अप्पा, वाचा. यांनी लिहिलं होतं. मीच पुठ्ठा उलटा ठेवला. नवी प्लेट मीच करून देणार. मशीन विकायचं तर त्याच्यानंतर विका."

अप्पांनी वाचलं. बराच वेळ वाचत राहिले, तीनच शब्द होते तरी.

"पहिल्या वर्षी मी ट्रॅक्टरचा क्रँक वाया घालवला होता," ते म्हणाले. "आन् नाव दुसऱ्याचं सांगितलं. आजपावेतो."

त्यांनी चाकूरला फोन लावला. "मशीन द्यायचं न्हाई," एवढंच बोलले आणि आत गेले.

स्वतःच्या चुकीचा राग आलाच होता. तो राग मी रविकिरणवर काढला. "आन् तुम्ही! माझ्या चुकीवर अंगठा ठेवायला कुणी सांगितलं?"

"तुमचं मशीन जाऊन राहिलं होतं…"

"जाऊ द्या! माझ्यापायी खोटं बोलणाऱ्याशी मी लग्न करणार न्हाई, सांगून ठेवते."

त्यानं मान वर केली. मग हळूच — "लग्नाचं… कोण बोललं?"

"मी! आत्ता! ऐकू आलं न्हाई का?"

"आलं." त्यानं हात पँटला पुसले. पुन्हा पुसले. "मग आता खरंच बोलतो. पहिल्या दिवसापासून…"

"पहिल्या दिवसापासून काय?"

"…तुम्हीच."

"तुम्हीच काय? वाक्य पुरं करा!"

"तुम्हीच पाहिजे."

दोन शब्द. तेवढ्यासाठी या माणसानं सहा रविवार डिझेल जाळलं! मी त्याला चांगलं झापणार होते… पण तो माझ्याकडे असा बघत होता, की मला एकही शिवी आठवेना.